लाता ब्रांडिसोवाच्या मुलखात

गुरुवार, प्राग

अवघडात अवघड अडथळ्यांच्या घोडेशर्यती कोणत्या, असं युरोपात विचारलं तर दोन नावं हमखास येतात. एक इंग्लंडची ग्रँड नॅशनल आणि दुसरी चेक देशातली वेल्का पार्दुबित्स्का. ही दुसरी शर्यत १८७४ पासून पार्दुबित्से गावात होते, हल्ली ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी. अंतर ६,९०० मीटर, अडथळे तीसएक, आणि मधे मधे चक्क नांगरलेलं शेत. इतक्या वर्षांत ती एकाच स्त्रीनं जिंकली आहे: लाता ब्रांडिसोवा, १७ ऑक्टोबर १९३७, वय ४२.

धाकटा भाऊ प्रागला नोकरीला आहे. "ताई, एकदा ये, शर्यत दाखवतो," असं तो कधीपासून म्हणत होता. मी पुण्यात वाढले, रेसकोर्सच्या कडेनं कॉलेजला जायचे, पण आपल्याकडची शर्यत म्हणजे सपाट मैदान आणि दोन-अडीच मिनिटांचा खेळ. खंदक, कुंपणं, मातीचे बांध ओलांडत नऊ-दहा मिनिटं पळणारे घोडे हा प्रकार मला फक्त ऐकून ठाऊक होता. त्यातच लाताबद्दल वाचनात आलं आणि शर्यतीपेक्षा तिच्यातच मन गुंतलं. म्हणून ऑक्टोबरची गर्दी टाळून सप्टेंबरात गेले. गणपती नुकतेच उठले होते, भावजयीनं फ्रीजरमध्ये दोन मोदक माझ्यासाठी राखून ठेवले होते. जेवताना नकाशा पसरला. लाताचं घर, तिची शर्यत आणि तिच्या घोडीचं गाव, तिन्ही प्रागपासून फार तर दीड तासावर. शुक्रवार, शनिवार, रविवार एकेक ठिकाण असं ठरलं.

शुक्रवार, रझित्का

प्रागच्या स्मिखोव्ह भागातल्या बसतळावरून प्रशिब्रामच्या रस्त्याला लागणारी बस पकडली. पंचवीसेक किलोमीटर. सकाळचं धुकं अजून उठलेलं नव्हतं, खिडकीबाहेर फक्त जवळची झाडं दिसत होती. बस गावात थांबली तेव्हा उतरणारे आम्ही तिघंच.

रझित्का लहान गाव आहे. घरांना बुटकी कुंपणं, कुंपणाआड सफरचंदं आणि जांभळ्या आलुबुखारांनी वाकलेली झाडं. लाताचा वाडा गावातच आहे. वाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तेवढा काही तो भव्य नाही. ऐसपैस, जाड भिंतींचं, शेतीवाडी सांभाळणाऱ्या सरदाराचं घर. साम्यवादी राजवट गेल्यावर तो कुटुंबाला परत मिळाला आणि आज खासगी मालमत्ता आहे. आत जाता येत नाही, फाटकावर जाऊन बेल वाजवू नये. रस्त्यावरून जेवढं दिसतं तेवढं पाहावं.

लाताचा जन्म १८९५ चा. वडील घोडदळातले, त्यांनीच मुलींना घोड्यावर बसवलं. पहिलं महायुद्ध संपलं, चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला आणि डिसेंबर १९१८ मध्ये नव्या सरकारनं सरदारक्या कायद्यानं रद्द केल्या. पाठोपाठ जमीन सुधारणा आली. त्यामुळे १९२७ मध्ये ती शर्यतीत उतरली तेव्हा वर्तमानपत्रं तिला काउंटेस म्हणत होती, पण कायद्याच्या लेखी ती काउंटेस राहिली नव्हती. रझित्काच्या ब्रांडिससारख्या मध्यम घराण्यांकडे पैसाही बेताचाच उरला होता. ही बाई श्रीमंती छंद म्हणून शर्यतीत उतरली असं जे काही ठिकाणी लिहिलं जातं ते मला पटत नाही. घोडे तिच्या रोजच्या कामाचा भाग होते, शर्यतीचा घोडा मात्र दुसऱ्याचा असायचा.

या गावाशी जोडलेली तिची गोष्ट जिंकण्याची नाही, त्यानंतरच्या वर्षांची आहे, आणि ती मला इथंच उभं राहून आठवायची होती. १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरलं. त्या काळात चेक सरदार घराण्यांपैकी काहींनी आपण चेक राष्ट्राच्याच बाजूचे आहोत असे जाहीरनामे काढले, त्यात ब्रांडिस घराणंही होतं. अशा घराण्यांच्या मालमत्ता नाझींनी ताब्यात घेतल्या. युद्ध संपलं, वाडा परत मिळाला, आणि तीनच वर्षांत, १९४८ ला, साम्यवादी सरकारनं तो पुन्हा काढून घेतला. १९४९ मध्ये पार्दुबित्सेच्याच मैदानावर लाता घोड्यासकट पडली. दुखापत इतकी मोठी होती की तिथंच तिची घोडेस्वारी संपली. पुढची तीस वर्षं ती आणि तिच्या बहिणी जंगलाकडेच्या एका छोट्या घरात राहिल्या. जे नाव १९३७ मध्ये देशभर गाजलं, ते छापायला आता कुणी तयार नव्हतं, कारण ते सरदाराच्या मुलीचं नाव होतं.

पहिल्यांदा वाड्यातून काढणारे आणि दुसऱ्यांदा काढणारे एकमेकांचे कट्टर वैरी. बाईंच्या वाट्याला दोन्हीकडून तेच आलं.

गावाबाहेर जंगलाच्या वाटेनं तासभर चाललो. ते छोटं घर शोधत बसलो नाही, त्याच्यावर पाटी असेल अशी अपेक्षाही नव्हती. ओक आणि पाइनची झाडं, खाली ओलं पान, आणि अळंबी गोळा करायला टोपल्या घेऊन निघालेली माणसं. सप्टेंबर म्हणजे चेक लोकांचा अळंबीचा महिना. एका आजोबांनी टोपली उघडून दाखवली, प्रत्येकाचं नाव सांगितलं, आणि कुठली खाल्ली की दवाखाना गाठावा लागेल तेही हातवारे करून सांगितलं. भारतातून कशाला आलात म्हणाले. भावानं लाताचं नाव घेतलं. आजोबांनी टोपी काढली, आणि वाड्याच्या दिशेनं हात करून भावाशी बराच वेळ बोलत राहिले. चेक भाषेत "नॉर्मा, नॉर्मा" एवढं मला कळलं. घोडीचं नाव त्यांना घोडेस्वाराइतकंच पाठ होतं.

परतताना एका कुंपणावर आलुबुखारांची खोकी मांडलेली, शेजारी पैसे टाकायचा डबा, विक्रेता कुणीच नाही. पिशवीभर घेतले. संध्याकाळी भावजयीनं त्यांचे श्वेस्त्कोवे क्नेद्लिकी केले. बटाट्याच्या उकडीत अख्खं फळ गुंडाळून उकळत्या पाण्यात सोडायचं, वर लोणी, साखर आणि खसखस. तूप-खसखशीचा वास येताच मला हे मोदकाचं चुलत भावंड वाटलं, आणि फ्रीजरमधले खरे मोदक त्याच ताटात वाढून घेतले.

सूचना: चेक देशात युरो चालतात असं गृहीत धरू नका, कोरुना लागतात. खेड्यातल्या बस शनिवार-रविवारी फार कमी असतात, म्हणून रझित्का कामाच्या वारी करा. वेळापत्रकासाठी आयडॉस हे संकेतस्थळ सगळ्या बस-ट्रेन एकत्र दाखवतं. गावात खायची सोय होईलच असं नाही, डबा बरोबर ठेवा.

शनिवार, पार्दुबित्से

प्रागहून पार्दुबित्से ट्रेननं तासाभराचं अंतर. रुळांच्या कामामुळे गाडी थोडी रखडली, पण डब्यात निम्मी माणसं रेसकोर्सलाच निघालेली होती, त्यामुळे वेळ गप्पांत गेला. समोर बसलेल्या निवृत्त शिक्षिका दरवर्षी चारही पात्रता शर्यती पाहतात. ऑक्टोबरच्या मोठ्या शर्यतीत घोड्याला थेट उतरता येत नाही. मे ते सप्टेंबर याच मैदानावर चार पात्रता शर्यती होतात, त्यांतली एक तरी पुरी करावी लागते. आम्ही चाललो होतो ती शेवटची. "ऑक्टोबरात माणसं बघायची, सप्टेंबरात घोडे," बाईंनी सांगितलं, आणि डब्यातली घरची सफरचंदाची श्ट्रूडल पुढे केली.

दुपारपर्यंत वेळ होता म्हणून आधी गाव पाहिलं. स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटांत हिरव्या बुरुजाची वेस लागते, तिच्या आत पेर्न्श्टिन चौक. रंगीत कमानींची जुनी घरं, आणि जिथं तिथं गावाचं बोधचिन्ह: पांढऱ्या घोड्याचा फक्त पुढचा अर्धा भाग. कथा अशी की ११५८ मध्ये मिलानच्या वेढ्यात पार्दुबित्सेचा येशेक नावाचा योद्धा लूट घेऊन बाहेर पडत असताना वेशीचा दरवाजा वरून कोसळला आणि घोड्याचे दोन तुकडे झाले. येशेकनं पुढचा अर्धा घोडा खांद्यावर घेतला आणि छावणीत परतला. खरं-खोटं बाजूला ठेवू, पण ज्या गावानं अर्धा घोडा आठशे वर्षं मिरवला त्या गावात ही शर्यत रुजली याचं मला नवल वाटलं नाही.

पार्दुबित्सेची दुसरी ओळख पेर्निक, म्हणजे मध आणि मसाल्याचा खमंग केक-बिस्किटाच्या मधला प्रकार. वर साखरेची पांढरी नक्षी. दुकानातल्या मुलीनं दालचिनी, लवंग, बडीशेप एकेक करून हुंगायला दिली आणि "तुमच्याकडूनच येतं हे सगळं," म्हणून हसली. घोड्याच्या आकाराचे पेर्निक पुण्याला न्यायला घेतले. चौकातून नदीकडे गेलात तर योसेफ गोचार या वास्तुरचनाकारानं बांधलेली विटांची प्रचंड पिठाची गिरणी दिसते. अलीकडेच तिचं कलादालनात रूपांतर झालं आहे. आम्ही बाहेरूनच पाहिली, पण ज्यांना इमारतींची आवड आहे त्यांनी अर्धा दिवस राखून ठेवावा.

रेसकोर्सवर पोहोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती मैदानाची व्याप्ती. महालक्ष्मीला उभं राहिलं की सगळा पट्टा एका नजरेत येतो. इथं झाडांचे पुंजके, चढउतार, मधली शेतं, त्यात घोडे दिसेनासे होतात आणि भलत्याच दिशेनं पुन्हा उगवतात. दुर्बीण न घेता येण्यात अर्थ नाही. शिक्षिकाबाई आम्हाला हाताला धरून कठड्याच्या एका कोपऱ्यात घेऊन गेल्या, त्यांची नेहमीची जागा.

आधी पॅडॉकमध्ये, म्हणजे प्रेक्षकांसमोरच्या छोट्या रिंगणात, घोडे फिरवतात. कार्यक्रमपत्रिकेत घोडेस्वारांची नावं वाचताना भावजय म्हणाली, "ताई, यात मुली आहेत." चेक आडनावाच्या शेवटी "ओवा" आलं की बाई. तिथं कुणालाच त्याचं अप्रूप वाटत नव्हतं. इकडे १९२७ मध्ये एका नावापुढे "ओवा" आलं म्हणून काय गदारोळ झाला होता ते आठवत मी उभी होते. घोडदळातल्या अधिकाऱ्यांनी बाईबरोबर शर्यतीत उतरायला हरकत घेतली, वाद थेट लंडनच्या जॉकी क्लबपर्यंत गेला, आणि शेवटी नियमात मनाई नाही म्हणून तिला परवानगी मिळाली. ग्रँड नॅशनलमध्ये पहिली स्त्री, शार्लट ब्रू, उतरली १९७७ मध्ये. बरोबर पन्नास वर्षांनी. आणि रेचल ब्लॅकमोरनं ती जिंकली २०२१ मध्ये, लातानंतर ८४ वर्षांनी.

त्या १९२७ च्या शर्यतीत लाता नेव्येस्ता नावाच्या घोडीवर होती. ती पडली. उठून पुन्हा मांड ठोकली, पुन्हा पडली, पुन्हा चढली. तेव्हाच्या नियमांत पडल्यावर परत चढून शर्यत पुरी करायला मुभा होती. ती पाचवी आली. लोक तिच्याबद्दल सांगतात ते १९३७ चं, कारण तो विजय आहे. माझ्या लेखी तिची कारकीर्द त्या पाचव्या क्रमांकात उभी आहे. ती थांबली असती तर हरकत घेणाऱ्यांना आयतं उत्तर मिळालं असतं. अंगावर चिखल, हाडं ठणकताहेत, पुढे वीसेक अडथळे दिसताहेत, आणि तरी बाई रिकिबीत पाय घालते आहे. त्यानंतर तिला पुन्हा कुणी अडवू शकलं नाही.

पात्रता शर्यत सुरू झाली. टापांचा आवाज आधी पायांना कळतो, मग कानांना. पहिल्या अडथळ्यावर सगळे घोडे एका रेषेत उडाले आणि आजूबाजूची बोलणी थांबली. मातीच्या बांधाला आयरिश बँक म्हणतात, घोडा त्यावर चढतो, क्षणभर वर उभा राहतो आणि पलीकडे उतरतो. तो एकच अडथळा असा की घोडेस्वाराचा चेहरा नीट पाहता येतो. एका घोडेस्वाराच्या चेहऱ्यावर मी चक्क हसू पाहिलं. पुढे एक खंदक पार करताना एकजण घरंगळला. घोडा मोकळाच इतरांबरोबर पळत राहिला, तो माणूस गुडघ्यावर बसून हेल्मेट काढत होता. तो उठून चालायला लागला तसा सगळ्या कठड्यानं टाळ्या वाजवल्या. शिक्षिकाबाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला. जिंकणाऱ्यापेक्षा त्याला जास्त टाळ्या मिळाल्या असं मला वाटलं.

दिवसाची शेवटची शर्यत आटोपल्यावर भावानं मैदान सांभाळणाऱ्या एका गृहस्थाला विनंती केली. आम्ही का आलो आहोत हे कळल्यावर ते स्वतः बरोबर आले आणि ओल्या गवतातून आम्हाला ताक्सिसपर्यंत घेऊन गेले.

ताक्सिस म्हणजे मोठ्या शर्यतीतला चौथा अडथळा. तो वर्षातून एकदाच ओलांडला जातो, फक्त त्या रविवारी. पात्रता शर्यतीतले घोडे त्याला वळसा घालतात. अलीकडे दीड मीटर उंचीचं दाट जिवंत कुंपण, पलीकडे चार मीटर रुंद आणि मीटरभर खोल खंदक. उडी घेणाऱ्या घोड्याला खंदक दिसतच नाही, तो फक्त कुंपण पाहतो. घोडेस्वाराला तो ठाऊक असतो, पण तेही ठाऊक असणंच, दिसणं नाही. मी कुंपणाला टेकून उभी राहिले, ते माझ्या हनुवटीला लागत होतं. पलीकडे गेल्यावर खंदकाची रुंदी पाहून भावजय गप्प झाली. लाताच्या काळी तो याहून रुंद होता, पाच मीटर, आणि दोन मीटर खोल. त्यात पडलेल्या घोड्याला वर येणं फार कठीण असे. शर्यतीच्या संस्थापकांच्या पिढीतले थुर्न-ताक्सिस घराण्यातले राजपुत्र हा अडथळा सोपा करायच्या विरोधात होते, त्यांचंच नाव त्याला मिळालं.

हा अडथळा पुढे बदलला याचं मला समाधान आहे. इथं अनेक घोडे दगावले आहेत. १९९२ मध्ये प्राण्यांच्या बाजूनं आंदोलन करणारी माणसं थेट धावपट्टीवर उतरली होती, आणि त्यानंतर खंदक उथळ केला, कडा उतरत्या केल्या. आमच्याबरोबरचे गृहस्थ जुन्या पिढीचे, तरी त्यांनी बदलाची बाजूच घेतली. घोडा विचारून येत नाही, म्हणाले. माणसंही गेली आहेत. पोप्लर नावाचा अडथळा दाखवताना त्यांनी कॅप्टन रुडॉल्फ पोप्लरची गोष्ट सांगितली. १९२६ आणि १९३० चा विजेता, लाताचा समकालीन. १९३२ मध्ये याच शर्यतीत पडून तो गेला. त्याच्यानंतरच्या वर्षीही ती आली आणि तिनं हेच कुंपण ओलांडलं. पोप्लर कसा गेला हे तिला माहीत होतं, हे लक्षात ठेवून तिचे पुढचे क्रमांक वाचायला हवेत.

रात्री चौकाजवळच्या खानावळीत लसणाचं सूप, चेस्नेच्का, मागवलं. भिजून आल्यावर त्याच्याइतकं चांगलं काही नाही. शाकाहारी लोकांसाठी स्माझेनी सीर, म्हणजे तळलेलं चीज आणि बटाटे, जवळपास सगळीकडे मिळतं. बटाट्याचे धिरडे, ब्राम्बोराक, लसूण आणि मरव्याच्या वासाचे, ते मात्र नक्की खा. सूपमध्ये मांसाचं पाणी नाही ना हे आधी विचारून घ्या. "बेझ मासा" म्हटलं की कळतं. सप्टेंबरात रस्त्याकडेला बाटल्यांतून बुर्चाक मिळतो, आंबू लागलेला ताजा द्राक्षरस. गोड लागतो म्हणून पटापट पिऊ नका, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो.

सूचना: रेसकोर्स गावाच्या कडेला आहे. स्टेशनहून चालत जाता येतं, ट्रॉलीबसही आहेत. पायात चिखल चालेल असेच बूट हवेत. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, छत्रीनं मागच्यांचं दिसणं अडतं आणि ते तसं सांगतात.

रविवार, ख्लुमेट्स

पार्दुबित्सेहून ख्लुमेट्स नाद त्सिद्लिनोउ ह्रादेत्स क्रालोवे इथं गाडी बदलून गाठता येतं. पाऊस गेला होता, स्वच्छ ऊन पडलं होतं. गावाच्या वरच्या अंगाला टेकाडावर कार्लोवा कोरुना हा किन्स्की घराण्याचा वाडा आहे. वास्तुरचनाकार सांतिनीच्या कल्पनेतून १७२० च्या दशकात उभा राहिलेला. मधे गोल, त्याला तीन बाजूंना तीन चौकोनी पंख, वरून पाहिलं तर मुकुट. सम्राट सहावा कार्ल १७२३ मध्ये प्रागला राज्याभिषेक करून घेतल्यावर इथं पाहुणा आला होता, तेव्हापासून नाव कार्लचा मुकुट. १९४३ मध्ये आग, १९४८ मध्ये सरकारजमा, १९९२ मध्ये किन्स्कींना परत. मधल्या गोल दालनात उभं राहिलं की उजेड चहूकडून येतो. तिथं बाकावर एक जोडपं लहान बाळाला घेऊन बसलं होतं आणि बाळ छताकडे पाहत स्वतःशीच ओरडत होतं, गोल भिंतींतून परत येणारा आवाज ऐकून पुन्हा ओरडत होतं. मार्गदर्शक मुलीनं आपलं बोलणं थांबवून त्याला ओरडू दिलं.

आम्हाला पाहायचे होते ते घोडे. १९ व्या शतकात ओक्टाव्हियान किन्स्की या शिकारवेड्या सरदारानं इथल्या आसपास स्वतःचं घोड्यांचं वाण वाढवलं. वेल्का पार्दुबित्स्का सुरू करणाऱ्यांतही तो होता. त्याच्या वाणाची खूण म्हणजे रंग. कांती सोनेरी, उन्हात धातूसारखी चमकणारी. गावाबाहेर एका कुरणात आम्हाला तसे घोडे दिसले. ढगाआड ऊन गेलं की ते साधे फिकट पिवळे, ऊन आलं की डोळे दिपतात. एक घोडी कुंपणाजवळ आली, भावजयीच्या पिशवीतल्या सफरचंदाचा वास तिला लागला होता. मालकाला विचारल्याशिवाय घोड्याला काही भरवू नये हा नियम इथं सगळेच पाळतात. त्यामुळे ती बराच वेळ आमच्याकडे बघत राहिली आणि आम्ही तिच्याकडे.

नॉर्मा याच वाणाची, याच रंगाची. लाताच्या नात्यातला झ्डेन्को राड्स्लाव्ह किन्स्की हा तिचा मालक. लाताला शर्यतीत उतरवायचं हा आग्रहही त्याचाच होता. इतर लोक इंग्लिश थरोब्रेड आणि जर्मन तबेल्यातले घोडे आणत होते, किन्स्कीनं घरच्या वाणाची घोडी दिली. लाता नॉर्मावर तिसरी आली, दुसरी आली. ती त्या घोडीला इतकी ओळखत असणार की कुठल्या अडथळ्याला ती बिचकते हे तिला हातातल्या लगामावरून कळत असणार. एका शर्यतीत वर्षातून एकदा उतरणाऱ्याला नाव कमवायला दुसरा मार्ग नसतो. तिची सगळी प्रसिद्ध कारकीर्द मोजली तर घोड्याच्या पाठीवरची मिनिटं फार थोडी भरतील, बाकी सगळं या अशा कुरणांत आणि तबेल्यांत गेलं.

वाड्याच्या बागेत बाकावर बसून १९३७ ची गोष्ट मी भावजयीला सांगितली. तिला ती तुकड्यातुकड्यांत माहीत होती. त्याआधीची बरीच वर्षं शर्यत जर्मन घोडेस्वार जिंकत होते. हिटलर सत्तेवर येऊन चार वर्षं झाली होती आणि त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर एरवी नाझी दलांचे गणवेश असत. चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवर दडपण वाढत होतं. महिनाभर आधी, १४ सप्टेंबरला, देशाचे संस्थापक अध्यक्ष मासारिक वारले होते. अशा वेळी ४२ वर्षांची बाई सोनेरी घोडीवर बसून पार्दुबित्सेच्या मैदानावर जर्मनांच्या पुढे निघून जाते. लोकांनी कठडे ओलांडून तिला गराडा घातला. पुढच्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी म्युनिक करार झाला, देशाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला गेला, ऑक्टोबरात शर्यत झालीच नाही. ती पुन्हा भरली १९४६ मध्ये. म्हणजे नऊ वर्षं या देशाकडे वेल्का पार्दुबित्स्काचा शेवटचा विजेता म्हणून एकच नाव होतं, तिचं.

"आणि मग तीस वर्षं जंगलातलं घर," भावजय म्हणाली.

अगदी अखेरीस ती ऑस्ट्रियात नातलगांकडे गेली आणि मे १९८१ मध्ये तिथंच वारली. तिच्या देशात पुन्हा मोकळं बोलता येऊ लागलं त्याला तेव्हा साडेआठ वर्षं बाकी होती. मला याचा राग येतो. काल मैदानावर ज्या मुली सहज पॅडॉकमध्ये फिरत होत्या, त्यांना तिनं पाहायला हवं होतं, आणि रझित्काच्या आजोबांनी टोपी काढली ती तिच्यासमोर काढायला हवी होती.

स्टेशनाजवळच्या टपरीवर गरम सॉसेजचा वास सुटला होता, भावानं एक घेतलं, आम्ही दोघींनी आलुबुखाराचा कोलाच घेतला. हा गोल, मधे मुरंबा भरलेला पाव प्रत्येक बेकरीत वेगळा लागतो. ख्लुमेट्सहून प्रागला थेट गाडी आहे. खिडकीतून पोलाबीचा सपाट मुलूख, कापलेल्या गव्हाची शेतं आणि साखरबीटची हिरवी रानं जात राहिली.

जायचं ठरवत असाल तर शेवटच्या काही गोष्टी. ऑक्टोबरची मोठी शर्यतच पाहायची असेल तर तिकीट आणि मुक्काम दोन्ही उन्हाळ्यातच पक्के करा, त्या आठवड्यात पार्दुबित्सेत खोल्या मिळत नाहीत. मग प्रागला राहून ट्रेननं येणं सोपं. बसायची जागा घेणार असाल तर ती ताक्सिस दिसेल अशी आहे का हे पाहून घ्या. शांतपणे मैदान पाहायचं असेल तर मे ते सप्टेंबरमधली पात्रता शर्यत गाठा, गर्दी कमी आणि माणसं बोलायला मोकळी. कार्लोवा कोरुना सोमवारी बंद असतो आणि चेक वाडे हिवाळ्यात बहुतेक बंदच ठेवतात, म्हणून ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी उघडण्याचे वार आधी तपासावेत. तिथल्या घोड्यांच्या कुरणांकडे जायला बस नाही, चालत जा किंवा सायकल भाड्यानं घ्या, रस्ता सपाट आहे.

भाऊ आता पुढच्या ऑक्टोबरची तिकिटं बघतो आहे. शिक्षिकाबाईंनी कठड्यावरच्या त्यांच्या कोपऱ्यात आमच्यासाठी जागा धरायचं कबूल केलं आहे, फक्त सकाळी दहाच्या आत यायचं आणि बरोबर ते तिखट शंकरपाळे आणायचे, ज्यांचा त्यांनी शनिवारी निम्मा डबा संपवला.